मी भरलेलं मला सापडतं

तेच टिकीट, म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरबद्दल नोंदलेली तीच तक्रार, तिसऱ्यांदा उघडलं गेलं तेव्हा मला राग आला होता. दोनदा मी ते स्वतः बंद केलं होतं. पहिल्यांदा 'आमच्याकडे चालतंय' असं लिहून, दुसऱ्यांदा 'कृपया नाव नीट टाइप करून पाहावं' असं लिहून. आमचं सॉफ्टवेअर वापरणारी ती पतसंस्था कराडजवळच्या एका गावातली. सभासद, ठेवी, कर्जं, पासबुकाची छपाई, लाभांश, सगळा कारभार त्यावरच चालतो. तक्रार एका ओळीची होती: सभासदाचं नाव टाकलं तर सापडत नाही. सोबत संगणकाच्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो. शोधाच्या चौकटीत 'बोऱ्हाडे' आणि खाली 'नोंद आढळली नाही'.

फोटोतलं नाव बघून मी ते माझ्या कीबोर्डवर टाइप केलं आणि त्यांच्या डेटाबेसच्या प्रतीवर शोधलं. बोऱ्हाडे लगेच आले, एकाखाली एक. मग मला जे दिसलं तेच मी लिहिलं. आमच्या कामात हे रोज होतं. जे आपल्या मशिनवर घडत नाही ते घडतच नाही, असं हळूहळू वाटायला लागतं. त्यात स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा, संपत आलेला असतो, बोर्डावर लाल टिकिटं नकोशी वाटतात, आणि 'रिप्रोड्यूस होत नाही', म्हणजे आमच्याकडे तसं घडत नाही, हे लिहायला दहा सेकंद लागतात. पलीकडे काउंटरवर कोण उभं आहे ते आपल्याला दिसत नाही.

तिसऱ्या वेळी मात्र मजकूर जास्त होता. संस्थेतल्या जुन्या क्लार्कनं लिहिलं होतं: "मी भरलेलं मला सापडतं. नवीन मुलानं भरलेलं त्याला सापडतं. एकमेकांचं सापडत नाही. सभा जवळ आली आहे, लवकर बघावे ही विनंती."

सगळं उत्तर या तीन छोट्या वाक्यांत होतं. मी ती वाचली आणि मला वाटलं, परमिशनचा घोळ आहे. कुठल्या लॉगिनला कुठल्या नोंदी दिसतात ते ठरवणारा कोड आमच्याकडे आहेच. दीड दिवस मी तो उपसला. शाखेचा फिल्टर तपासला, तात्पुरती साठवलेली माहिती (कॅश) पुसून पाहिली, दोन्ही लॉगिनचे रोल शेजारी-शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवली. सगळं ठीक होतं. सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, मी सलग दोन दिवस "परमिशनचं काहीतरी दिसतंय" असं म्हटलं. दुसऱ्या दिवशी टेस्टिंगमधल्या मैत्रिणीनं विचारलं, "सगळीच नावं सापडत नाहीत, की ठरावीक?"

मी विचारलंच नव्हतं. टिकीट तीनदा उघडलं होतं आणि मी एकदाही फोन उचलला नव्हता.

फोन केला. क्लार्ककाका शांतपणे म्हणाले, "पाटील सापडतो, शिंदे सापडतो, मोरे सापडतो. बोऱ्हाडे, कुऱ्हाडे, वऱ्हाडे यांचंच वाकडं आहे. मॅडम, तुमच्या मशिनला आमचं मराठी कळत नाही बघा." आणि मग जरा थांबून, "तुम्ही एकदा इथं येऊन बघता का? फोनवर नाही कळायचं."

टीम लीडला विचारलं. तो म्हणाला, "जा, आणि फक्त बघून ये. पहिल्या दिवशी कोडला हात लावू नकोस." हा सल्ला मी तेव्हा नाइलाजानं ऐकला. आता नवीन कुणी आमच्या टीममध्ये आलं की पहिल्यांदा हाच सांगते.

स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. खंबाटकीचा घाट चढताना लॅपटॉप उघडून पुन्हा तोच कोड वाचत होते. मग बंद केला. कराडला उतरून पुढे वडापनं गावात पोचले तेव्हा संस्था नुकतीच उघडली होती. दोन काउंटर. एकावर काका, पन्नाशीच्या पुढचे, समोर कापडी बांधणीचं मोठं रजिस्टर. दुसऱ्यावर वर्षभरापूर्वी लागलेला तरुण मुलगा. मी काकांच्या मागे स्टूल घेऊन बसले.

तासाभरात एक आजी आल्या. काकांनी माझ्याकडे बघून हळूच सांगितलं, "ह्याच त्या." आजींची इथं वीस-बावीस वर्षांची ठेव. मागच्या उन्हाळ्यात त्या पैसे भरायला आल्या तेव्हा काका रजेवर होते. पासबुक घरी राहिलं होतं. त्या मुलानं नाव टाकलं, 'नोंद आढळली नाही' आलं, तेव्हा त्यानं नवीन सभासद म्हणून खातं उघडून पैसे जमा करून घेतले. जुन्या सभासदांच्या नोंदी रजिस्टरांवरून भरलेल्या, त्यांना ना आधार जोडलेलं ना मोबाइल, त्यामुळे दुहेरी नोंद अडवणारं काही नव्हतंच. दोन महिन्यांनी आजी शिल्लक विचारायला आल्या तर पडद्यावर नवीन खात्यातले पाचशे रुपये. जन्मभर शेतमजुरी करून साठवलेलं कुठं गेलं? त्या दिवशी आजी इथंच बाकावर बसून रडल्या, असं काका म्हणाले. संध्याकाळी काकांनी स्वतःच्या मशिनवर शोधलं तेव्हा जुनं खातं सापडलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पहिलं टिकीट त्या दिवशीचं होतं. 'आमच्याकडे चालतंय' असं मी ज्यावर लिहिलं, ते.

हे ऐकल्यावर पुढचे काही तास मी नुसते हात बघितले. काकांचे हात आणि त्या मुलाचे हात.

काका इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी वापरतात. त्यांची नजर रजिस्टरवर आणि बोटं आपोआप चालतात. या मांडणीत 'र'च्याच कळीवर शिफ्ट दाबलं की 'ऱ' येतो, मग हलन्ताची, म्हणजे अक्षराचा पाय मोडणाऱ्या खुणेची, कळ, मग 'ह'. झालं 'ऱ्ह'. तो मुलगा रोमन अक्षरांत लिहितो आणि त्याचं टूल त्याचं देवनागरी करून देतं. पडद्यावर दोघांचंही 'बोऱ्हाडे' तंतोतंत सारखं उमटतं. मी दोघांना विनंती केली, एका रिकाम्या फाइलमध्ये एकाखाली एक तेच आडनाव लिहा. दोन ओळी. डोळ्यांना काडीचा फरक दिसत नव्हता. अक्षर मोठं करून पाहिलं, फॉन्ट बदलून पाहिला, तरी नाही.

मग लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा उघडून दोन्ही ओळींची लांबी मोजली. काकांची ओळ ८. मुलाची ओळ ९.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो बग माझ्यासमोर उभा होता. युनिकोड हे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं मानक; त्यातला एकेका अक्षराचा क्रमांक छापला. काकांच्या ओळीत ब, ओकार, ऱ, हलन्त, ह, काना, ड, एकार. मुलाच्या ओळीत ब, ओकार, मग साधा र, हलन्त, आणि त्यानंतर २००डी या क्रमांकाचं एक चिन्ह, जे कधीच दिसत नाही. त्याला शून्य रुंदीचा जोडक म्हणू. पडद्यावर त्याला जागा नाही, शाई नाही. तो शेजारच्या अक्षराला फक्त सांगतो, 'अर्ध्या रूपात ये.' र आणि हलन्तानंतर तो आला की रफार न होता आपला ओळखीचा, पापणीच्या केसासारखा वाकलेला 'ऱ्' उमटतो. काकांचं नाव २४ बाइटचं, मुलाचं २७. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. तिथल्या नेहमीच्या मांडणीत दोन मजकूर बाइट न् बाइट सारखे असतील तरच सारखे. त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द होते, आणि त्याच्या बाजूनं त्याचं काही चुकलं नव्हतं.

आणि मी? मी पुण्यात बसून वापरत होते ती मांडणी काकांसारखा 'ऱ'च देणारी. म्हणून काकांनी भरलेले सगळे बोऱ्हाडे मला पहिल्या झटक्यात सापडले. फोटो मुलाच्या काउंटरवरचा होता, आणि फोटोतून अक्षरं कॉपी करता येत नाहीत. मी नाव वाचून पुन्हा टाइप केलं त्या क्षणी बग माझ्या बोटांखाली पुसला गेला होता.

काकांना समजावून सांगायला गेले. म्हटलं, दोन्ही नावं दिसायला सारखी, आतून वेगळी लिहिलीयत. काका म्हणाले, "म्हणजे सही सारखी, माणूस वेगळा."

"उलटं काका. माणूस एकच, सही वेगळी."

"मग सोपं आहे की. आम्ही काय करतो? नमुना सही ठेवतो, आणि तिच्याशी ताडून बघतो."

परतीच्या एसटीत मी हेच वाक्य वहीत लिहून घेतलं, कारण शेवटी उपाय नेमका तोच निघाला.

असं का होतं हे कळून घ्यायला मला आणखी एक दिवस लागला, आणि तो दिवस वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी भारतीय लिप्यांसाठीच्या आपल्याकडच्या इस्की या संगणकीय मानकावरून घेतलेली आहे. त्या मानकाच्या वाटचालीत पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेचा मोठा हात; संस्था १९८८ साली सुरू झाली आणि इस्की १९९१ मध्ये भारतीय मानक झालं. इस्कीच्या वळणानं हा अर्धा 'ऱ्' म्हणजे 'ऱ' अधिक हलन्त. पण युनिकोडच्या १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत तो र, हलन्त आणि जोडक असा लिहायची रीत होती. पुढे मानकानं इस्कीची रीत स्वीकारली आणि जुन्या मजकुराची सोय म्हणून आधीचीही चालू ठेवली. हे नियम मानकात चक्क आपल्या भाषेचं नाव घेऊन लिहिलेत: अर्ध्या 'ऱ'चं हे रूप मराठी आणि नेवारी लिहिताना वापरतात म्हणून. मी इतकी वर्षं मराठी सॉफ्टवेअर लिहितेय आणि हा परिच्छेद मी कधी उघडून वाचला नव्हता.

आता दुरुस्ती. इथं माझी दोनदा चूक झाली.

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तोच: नॉर्मलायझेशन. युनिकोडनं एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लिखाणांना एका रूपात आणायचे नियम ठरवून दिलेत, एनएफसी म्हणतात ते. पोस्टग्रेसच्या १३व्या आवृत्तीपासून त्यासाठी तयार फंक्शनही आहे. ते लावलं आणि काही नोंदी खरोखर जुळल्या. त्या तिसऱ्याच प्रकारच्या निघाल्या, ज्यांची मला तोवर कल्पनाही नव्हती: साधा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब. त्या युनिकोडच्या आधीच्या काळातल्या एका फॉन्टमधून कधीतरी बदलून घेतलेल्या जुन्या याद्यांमधल्या होत्या. र अधिक नुक्ता आणि ऱ हे युनिकोडच्या नियमानं एकच आहेत, म्हणून एनएफसीनं ते एक केले. पण जोडकवाला प्रकार तसाच राहिला. दिसायला एकच असले तरी युनिकोडच्या लेखी ते समान नाहीत, आणि कितीही नॉर्मलाइझ केलं तरी होणार नाहीत.

मग दुसरी चूक. 'न दिसणारी चिन्हं काढून टाका' अशी दोन ओळींची युक्ती एका सहकाऱ्याकडे होती, दुसऱ्या कुठल्याशा प्रोजेक्टमध्ये वापरलेली. मी ती सेव्ह करण्याच्या टप्प्यावरच लावली. म्हटलं, डेटाबेसमध्ये कचरा जायलाच नको. संध्याकाळी टेस्टिंगमधल्या मैत्रिणीनं पासबुकाच्या छपाईचा नमुना काढून माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्यावर छापलं होतं 'बोर्हाडे'. जोडक काढल्याबरोबर र आणि हलन्त उघडे पडले आणि ह च्या डोक्यावर रफार चढला. ती म्हणाली, "तुझं आडनाव कुणी असं छापलं तर चालेल तुला?"

ज्याला हे चिन्ह कचरा वाटतं त्याला मराठी येत नसावी, आणि ते मीच केलं याचं मला फार वाईट वाटलं. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यास' दक्षिणा द्यायची ती गुरूला, आणि 'आचाऱ्यास' द्यायची ती स्वयंपाक करणाऱ्याला. शाळेत व्याकरणाच्या तासाला शिकवतात ते हेच. ज्याच्या मजकुरात हा फरक त्या एका अदृश्य चिन्हावर उभा आहे, त्याचं चिन्ह काढणं म्हणजे त्यानं लिहिलेला शब्द बदलणं. आपल्या कोडला तो अधिकार नाही.

शेवटी काकांच्या नमुना सहीसारखंच केलं. सभासदानं किंवा क्लार्कनं जे नाव जसं लिहिलं ते तसंच ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही. छापायचं तेच. त्याच्याशेजारी एक वेगळा स्तंभ, फक्त शोधासाठी. नाव त्यात जाताना आधी र, हलन्त, जोडक ही तिकडी शोधून तिच्या जागी ऱ आणि हलन्त घालायचं. मग एनएफसी. आणि त्यानंतरच उरलेले जोडक आणि विजोडक (अक्षरं जोडू न देणारं, तसंच न दिसणारं चिन्ह) काढायचे. शोधताना टाइप केलेला शब्दही याच वाटेनं न्यायचा आणि मग दोन्ही ताडायचे. पायऱ्यांचा क्रम बदलला की सगळं बिघडतं. जोडक आधी काढला तर तिकडी ओळखायला काही उरतच नाही आणि आपण पुन्हा 'बोर्हाडे'वर येतो. म्हणून कोडमध्ये त्या जागी मी मराठीतच शेरा लिहिला: हा क्रम बदलू नये, खालची चाचणी वाचावी.

चाचण्यांबद्दल एक गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण त्यावर माझा अर्धा दिवस गेला. पहिल्या चाचण्या मी सरळ देवनागरी अक्षरं टाइप करून लिहिल्या. तिन्ही रूपं पडद्यावर सारखीच दिसतात, तर रिव्ह्यू करणाऱ्याला, म्हणजे माझा कोड तपासणाऱ्या सहकाऱ्याला, कळणार कसं की कुठली ओळ कुठल्या रूपाची? शिवाय कॉपी-पेस्ट करताना एका ओळीतला जोडक गळून गेला आणि चाचणी भलत्याच कारणानं हिरवी, म्हणजे पास, झाली. तेव्हापासून अशा चाचण्यांत मी अक्षरं ठेवत नाही, त्यांचे क्रमांक लिहिते: ०९३०, ०९४डी, २००डी. वाचायला रुक्ष आहे, पण डोळ्यांना फसायला वाव राहत नाही.

त्याच शोधमोहिमेत आणखी एक जोडी सापडली. सभासदांत काही वकील आहेत, त्यांच्या नावामागे 'ॲड.' लागतं. हा 'ॲ' स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधी लोक 'अ' वर अर्धचंद्र देऊन तो जुळवत, आणि कित्येक कीबोर्ड अजूनही तसाच देतात. दिसायला एकच, आतून दोन, आणि एनएफसी इथंही काही करत नाही. तोही नियम शोधाच्या वाटेवर घातला. आणि नाव तपासणाऱ्या आमच्या जुन्या कोडमध्ये जे दिसलं त्यानं तर मी सुन्न झाले. मजकुरातले नमुने शोधायच्या पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये 'शब्दातलं अक्षर' अशी एक खूण आहे. तिच्यात काना, मात्रा, हलन्त बसत नाहीत. 'बोऱ्हाडे' तिच्यातून घातलं की बाहेर पडतात ब, ऱ, ह, ड. चार सुटी अक्षरं. नावाचे तुकडे करून शोधायचा एक पर्याय कुणीतरी पूर्वी याच खुणेवर लिहिला होता. तो मराठीसाठी कधीच चालला नसणार, आणि कुणी तक्रारही केली नव्हती, कारण लोकांनी मशिनला मराठी येत नाही हे धरूनच काम चालवलं होतं. काकांचं फोनवरचं वाक्य तेव्हा मला पुन्हा ऐकू आलं.

कोड रिव्ह्यूत वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं, हा टोकाचा प्रकार आहे, एका आडनावासाठी नवा स्तंभ, नवा इंडेक्स, इतकं कशाला? मी त्याला 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेले शब्द लिहून दाखवले. दुसऱ्या, तिसऱ्या, चौऱ्याण्णव, शेतकऱ्याचा, नवऱ्याचं, पुऱ्या, कैऱ्या, वऱ्हाड, गोऱ्हा, तऱ्हा. शेतकऱ्यांच्या पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरला 'शेतकऱ्याचा' हा शब्द शोधता येत नसेल तर तो टोकाचा प्रकार कसा? त्यानं यादी वाचली आणि मान्य केलं. उलट त्यानंच मग एक चांगली गोष्ट सुचवली: शोधात काही न सापडल्यास थेट 'नवीन सभासद' हे बटण दाखवू नये, आधी जवळची नावं दाखवावीत. ते आम्ही केलं.

शुक्रवारी सगळं तयार होतं. लीड म्हणाला, सोमवारी. मी हट्ट केला नाही. सोमवारी सकाळी संस्था उघडायच्या तासभर आधी डिप्लॉय केलं, म्हणजे दुरुस्ती त्यांच्याकडे चालू केली, काकांना फोनवर ठेवून. त्यांनी बोऱ्हाडे शोधले. मुलाला त्याच्या मशिनवर शोधायला लावले. दोघांनीही आकडा वाचला. पहिल्यांदाच तो सारखा आला. फोनवर काकांनी "हं" एवढंच म्हटलं, पण ते 'हं' मला अजून आठवतं.

पण काम संपलं नव्हतं, कारण शोध दुरुस्त झाल्यावर दुहेरी खाती ढिगानं वर आली. एका नावाच्या दोन-दोन, काही ठिकाणी तीन-तीन नोंदी. लगेच सूचना आली की स्क्रिप्ट लिहून एकत्र करून टाक. मी नाही म्हटलं, आणि या एका गोष्टीवर मी अडून बसले याचं मला समाधान आहे. यात लोकांचे पैसे होते. सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा, त्यात लाभांश जाहीर होणार, आणि चुकीची दोन खाती एक झाली तर एकाचा पैसा दुसऱ्याच्या नावावर. मी यादी छापून पाठवली. चार पानं. काका आणि तो मुलगा रोज काउंटर बंद झाल्यावर बसायचे. जुनं रजिस्टर काढायचं, नमुना सही किंवा अंगठा बघायचा, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, गाव, वारसाचं नाव ताडायचं, आणि खात्री झाली की यादीवर खूण करायची. खुणा झालेलीच खाती मी एकत्र करत होते. प्रत्येक वेळी आधीची नोंद जशीच्या तशी बाजूला ठेवून, म्हणजे चुकलंच तर मागे जाता यावं. आजींचं खातं पहिल्याच दिवशी एक झालं. मुलानं स्वतः घरी जाऊन त्यांना नवीन पासबुक दिलं.

शेवटी यादीत एकच जोडी उरली. दोन बोऱ्हाडे, दोन्ही स्त्रिया. स्वतःचं नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, गाव तेच, आणि दोन्ही नोंदी एकाच वर्षातल्या. माझ्या सगळ्या निकषांनी ही दुहेरी नोंदच होती. मी काकांना फोन करून विचारलं, यावर खूण करायची राहिलीय का?

"राहिली नाही, केली नाही," काका म्हणाले. "त्या दोघी चुलत जावा आहेत. दोघींचे नवरे चुलत भाऊ, दोघांची नावं आजोबांवरून ठेवलेली. एक मळ्यातली, एक गावातली."

"मग तुम्ही रजिस्टरमध्ये कसं ओळखता?"

"कडेला लिहिलेलं असतं की. तुमच्या मशिनमध्ये ते लिहायला जागाच नाही."

फॉर्ममध्ये आता नावाखाली एक छोटी चौकट आहे, 'ओळखीची खूण'. ती भरलीच पाहिजे असं बंधन नाही. काकांनी त्यात पहिल्या दोन नोंदी केल्या: 'मळ्यातल्या' आणि 'गावातल्या'. दोन्ही शोधून सापडतात का ते मी तपासलं. दोन्ही काउंटरवरून.